अंगणांतील खड्डे

घरांत चोर शिरला तर काय करावें, हें सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु घरचाच एक रहिवासी रोज पहाटे उठून घराभोंवतालची जमीन खणूं लागला तर काय करावें, हें नीट सांगणारा माणूस मला गेल्या वर्षीं बराच काळ भेटला नाहीं. जे भेटले त्यांनीं सांगितलेले उपाय मीं एकामागून एक करून पाहिले, आणि त्यांपैकीं एका उपायानें त्या रहिवाशाचा जीव जावयाची वेळ आली. आज या विषयावर आपल्याशीं बोलण्याचें मीं कबूल केलें आहे, तें या विषयांतील अधिकारी म्हणून केलेलें नाहीं. अपराधी म्हणून केलें आहे, असें समजावें.

माझें घर बार्शीटाकळीस आहे. अकोल्याहून वीसेक किलोमीटरांवरचें हें गांव बरेंच जुनें. येथील देवीच्या हेमाडपंती देवळांत शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. अशा गांवांत कोणीं कोठें जमीन खणूं लागला, तर चार माणसें कुतूहलानें डोकावून पाहणारच. परंतु आमच्या अंगणांतील उत्खननाकडे कुतूहलानें पाहण्याजोगी माझ्या मनाची स्थिति नव्हती. नोकरी संपल्यावर मी व माझी पत्नी वडिलार्जित घरीं राहावयास आलों. घराच्या मागें प्रशस्त अंगण, मध्यें तुळशीवृंदावन, विहिरीशेजारीं केळी, एका कडेला कडुनिंब, आणि स्वयंपाकघराच्या दाराशीं माझ्या आईनें लावलेला मोगरा. आईला जाऊन अकरा वर्षें झालीं. मोगरा मात्र दर चैत्रांत फुलत असे, आणि पहिली ओंजळ देवापुढें व दुसरी तिच्या तसबिरीपुढें ठेवावयाची, असा आमच्या घरचा परिपाठ होता.

या शांत संसारांत गेल्या माघांत एक कुत्रा आला. आमचा मुलगा पुण्यास असे. त्याला कामानिमित्त दोन वर्षें परदेशीं जावें लागलें, आणि त्याचा दीड वर्षाचा कुत्रा तो आमच्या स्वाधीन करून गेला. आईकडून लॅब्राडोर व बापाकडून पुण्याच्या रस्त्यावरचा, असें त्याचें कुलवृत्त. त्याचें मूळचें नांव ब्रूनो. परंतु माझ्या पत्नीच्या जिभेला तें वळेना, आणि रंग भुरा असल्यामुळें आठ दिवसांत तो भुऱ्या झाला. नांव बदलल्याचें त्याला कांहींच वाटलेलें दिसलें नाहीं. त्याचें सारें आयुष्य तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेंत गेलेलें. रोज सकाळसंध्याकाळ गळ्याला पट्टा बांधून डांबरी रस्त्यानें एक फेरी व्हावयाची, एवढाच त्याचा भूगोल. फरशी, सिमेंट आणि डांबर यांखेरीज जमिनीला दुसरेंही एखादें रूप असतें, हें त्याला ठाऊक नव्हतें.

तो आमच्या अंगणांत प्रथम उतरला, तो क्षण मला अजून आठवतो. चारही पाय जपून टाकीत तो कडुनिंबापाशीं गेला. तेथें सडा घातलेली जागा थोडी ओली होती. त्यानें नाक खालीं लावलें, उजवा पंजा उचलून माती हलकेच ओढली, आणि दचकून मागें पाहिलें. जमीन हलते, हा शोध त्याला त्या दिवशीं लागला. मग डावा पंजा, पुन्हां उजवा, आणि बघतां बघतां दोन्ही पंजे असे चालूं लागले कीं मागच्या पायांमधून मातीचा फवारा थेट ओट्यापर्यंत आला. माझी पत्नी हंसूं आवरेना. मीही हंसलों. पहिल्या खड्ड्याला सर्वच हंसतात.

आठ दिवसांत खड्डे नऊ झाले. दहाव्या दिवशीं सकाळीं दार उघडून पाहतों, तों मोगरा मुळासकट उपटून आडवा पडलेला, आणि त्याच्या जागीं हातभर खोल खड्ड्यांत भुऱ्या तोंड खुपसून उभा. मीं कोपऱ्यांतील काठी घेतली. किती मारिलें तें सांगण्यांत अर्थ नाहीं. पत्नीनें हात धरला तेव्हां थांबलों, इतकेंच सांगतों. त्यानंतर दोन दिवस मी अंगणांत पाऊल टाकलें, कीं तो कान पाडून, शेपूट पोटाशीं घेऊन भिंतीला चिकटे. मी पत्नीला म्हणालों, “पाहा, अपराध कळतो त्याला. चेहऱ्यावर लिहिलेलें आहे.”

तें चेहऱ्यावर काय लिहिलेलें असतें, याचा एका विदुषीनें छडा लावलेला आहे, हें मला फार उशिरां कळलें. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयांतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनीं १४ पाळीव कुत्र्यांवर केलेला प्रयोग २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. मालकानें खाऊ न खाण्याची आज्ञा करावयाची व खोलीबाहेर जावयाचें. मागें कुत्र्यानें खाऊ खाल्ला कीं नाहीं, याविषयीं मालकाला कधीं खरें सांगावयाचें, कधीं खोटें. निष्पन्न असें झालें, कीं कुत्र्याचा तो ओशाळवाणा चेहरा त्यानें अपराध केला होता कीं नाहीं यावर मुळींच अवलंबून नव्हता. मालक रागावला कीं नाहीं यावर होता. निरपराध कुत्र्याला रागें भरलें, तरी तो तितकाच ओशाळा दिसे. भुऱ्याच्या चेहऱ्यावर मीं जी कबुली वाचली, ती माझ्या काठीची भीति होती. खड्डा आणि मार यांचा संबंध त्यानें जोडला नव्हता. मी आणि मार यांचा जोडला होता. कारण तो खणीत राहिलाच. फक्त मी घरांत नसतांना खणूं लागला.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एकानें सांगितलें, खड्ड्यांत तिखट घाला. दुसऱ्यानें फिनेल सुचविलें, तिसऱ्यानें डांबराच्या गोळ्या, चौथ्यानें बाभळीच्या काट्या. एका गृहस्थांनीं तर असें सुचविलें कीं खड्डा पाण्यानें भरावा आणि कुत्र्याची मान धरून त्यांत बुडवावी, म्हणजे जन्मांत तो पुन्हां खणणार नाहीं. हें वाचलेलें आहे असें ते म्हणाले. वाचलेलें असेलही, छापलेलें सर्वच वाचण्याजोगें नसतें. मीं तिखट तेवढें घातलें. त्याचा परिणाम असा झाला, कीं भुऱ्या दिवसभर डोळे चोळीत राहिला आणि संध्याकाळीं त्यानें तिखटापासून दोन हातांवर नवी जागा पाहिली. डांबराच्या गोळ्या मीं घातल्या नाहींत हें माझें सुदैव. त्या पोटांत गेल्या तर कुत्र्यास विषासारख्या होतात. बाभळीच्या काट्यांनीं पंजे पिकतात. तहसिलींत जाणाऱ्या एका परिचितानें शेवटीं साधा, सरळ आणि सर्वमान्य उपाय सांगितला : “बांधून ठेवा.”

भुऱ्याला मीं बांधलें. पत्र्याच्या पडवीच्या खांबाला चार हात साखळी. सकाळीं फिरवून आणलें, कीं बांधावयाचें, तें रात्रीं सोडावयाचें. चैत्र असाच गेला. अंगण सपाट झालें आणि मला समाधान वाटलें. भुऱ्या सारा दिवस साखळीच्या अर्धवर्तुळांत येरझारा घाली व भुंके, तेव्हां मी खिडकी लावून घेत असे.

वऱ्हाडचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तो सांगावयास नको. पारा ४५ अंशांवर जाणें अकोल्याकडे नवलाचें नाहीं. त्या दिवशीं आम्ही उभयतां एका लग्नास गेलों होतों. सकाळीं निघतांना खांबाशीं सावली होती आणि पातेलींत पाणी होतें. परंतु सावली फिरते, हें मीं लक्षांत घेतलें नाहीं. आणि पातेली साखळींत अडकून उपडी झाली, हें मला कळावयास मार्ग नव्हता. वर तापलेला पत्रा, खालीं तापलेली फरशी. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाहीं. पंजांच्या गादीपुरताच काय तो थोडा येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य मार्ग, आणि भोंवतालची हवाच अंगापेक्षां तापली म्हणजे तोही फारसा उपयोगी पडत नाहीं.

शेजारीं एक वृद्ध मावशी राहतात. मी लहान असल्यापासून त्या मला पाहत आल्या आहेत. कुत्रा भुंकायचा अचानक थांबला, एवढ्यावरून त्या भिंतीवरून डोकावल्या. फाटक उघडून आंत आल्या, साखळी सोडली, भुऱ्याला ओढीत निंबाखालीं नेलें आणि रांजणांतील पाणी त्याच्या अंगावर तांब्यातांब्यानें ओतीत सुपानें वारा घालीत बसल्या. आम्ही परतलों तेव्हां तो आडवा पडलेला होता, आणि जीभ जांभळट झालेली. मावशी माझ्याकडे न पाहतां म्हणाल्या, “बापू, ह्या मुक्या जिवाले उन्हात काऊन बांधलं? थो खड्डा करत होता थे त्याले गरम होत होतं म्हणून ना! माही कुत्री पाह्य. दिवसभर खड्ड्यात राह्यते. कोनाचं काय नेते थे?”

त्यांची कुत्री म्हणजे साधी गावठी. त्यांच्या कडुनिंबाखालीं तिचा एक खळगा आहे आणि वर्षानुवर्षें उन्हाळ्याची दुपार ती त्यांतच काढते. भिंतीपलीकडचा हा धडा मीं शंभर वेळां पाहिला होता.

त्या दिवशीं भुऱ्या वांचला, तो त्या सुपामुळें. पशुवैद्यांकडे पोहोंचल्यावर त्यांनीं ताप पाहिला, तेव्हांही तो १०५ अंश फॅरनहाइट होता. कुत्र्याचें स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ असतें. त्यांनीं सांगितलें कीं उष्माघात झालेल्या जनावरास आधीं जागच्या जागीं गार करावें आणि मग दवाखान्यांत न्यावें. तसेंच गाडींत घालून धांवत सुटलें, तर वाटेंतच तें दगावण्याचा संभव असतो. सावली, अंगावर गार पाणी, वारा, आणि शुद्ध असेल तर थोडें थोडें पिण्यास पाणी. श्रोतेहो, एवढें मात्र कृपा करून लक्षांत ठेवावें.

याच संदर्भांत आणखी एक गोष्ट. कुत्रा आपला, साखळी आपली, अंगण आपलें, तेव्हां इतरांनीं बोलूं नये, अशी माझीही समजूत होती. कायदा तसें म्हणत नाहीं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत १९५३ मध्यें मांडलेल्या खाजगी विधेयकापासून ज्याची सुरुवात झाली, तो प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्यें झाला. त्याच्या ११ व्या कलमांत, अवाजवी आंखूड वा जड साखळीनें जनावरास अवाजवी काळ बांधून ठेवणें हा अपराध सांगितला आहे. आणि नेहमीं बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास मालकानें पुरेसा व्यायाम न देणें हाही स्वतंत्र अपराध सांगितला आहे. म्हणजे मी आरंभीं स्वतःस अपराधी म्हणालों, तें अलंकारिक नव्हतें.

भुऱ्या चार दिवसांनीं खावूं-पिवूं लागला. पुन्हां दाखवावयास नेलें, तेव्हां मीं पशुवैद्यांस खणण्यावर औषध विचारलें. त्यांनीं औषध दिलें नाहीं. तीन प्रश्न दिले : तो कोठें खणतो, केव्हां खणतो, आणि खणून झाल्यावर त्या खड्ड्याचें काय करतो? हें पंधरा दिवस टिपून ठेवा, म्हणाले. माझ्या पत्नीनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर अंगणाचा नकाशा काढला व टिपणें करूं लागली. आमच्या घरीं पुरातत्त्वखातें उघडलें तें असें. आणि मला जें एक व्यसन वाटत होतें, तीं पांच निरनिराळीं कामें आहेत, असें त्या नकाशावरून दिसूं लागलें.

निंबाखालचे खड्डे उथळ व पसरट होते, दुपारीं अकराच्या आंत झालेले, आणि खणून होतांच तो त्यांत पोट टेकून निजे. हे उष्णतेचे. उन्हाळ्यांत जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षांही तापतो, परंतु दीड हात खालीं गेलें कीं दिवसरात्रीचा फरक जवळजवळ उरत नाहीं. वरची तापलेली माती दूर सारून खालची गार माती पोटाला लावावयाची, ही युक्ति त्याला कोणीं शिकविली नव्हती. कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला. माणसाबरोबर त्याला निदान १४,००० वर्षें झालीं आहेत, पण त्या कुळाचें जमिनीशीं असलेलें नातें तुटलेलें नाहीं. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें १८३१ मध्यें दख्खनच्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, तींत आपल्या माळरानावरच्या लांडग्याचें आणि मराठी मुलखांतील कोळसुन्याचें शास्त्रीय वर्णन आहे; कोळसुन्याच्या लॅटिन नांवांत तर त्यानें ‘दख्खन’च घातलें. हे दोघे काहीं भुऱ्याचे आजोबापणजोबा नव्हेत, भाऊबंद म्हणावें इतकेंच. पण लांडगी पिलांसाठीं मातींत घर करते, आणि मेळघाटांतील कोळसुनेही पिलें बिळांतच वाढवितात. सावली, थंडावा, निवारा, प्रसूतिगृह आणि उरलेलें अन्न ठेवण्याचें कपाट, हें सर्व या कुळास जमिनींतच सांपडत आलें आहे. माणसानें तर कांहीं जाति मुद्दाम खणण्यासाठींच निपजविल्या. ‘टेरिअर’ या नांवांत जमिनीचा वाचक शब्द आहे. ‘डॅक्सहुंड’ हा बिज्जूसारख्या बिळांत राहणाऱ्या जनावराचा पिच्छा पुरविणारा जर्मन कुत्रा. आधीं पिढ्यान् पिढ्या खणावयास लावावयाचें आणि मग खणतो म्हणून काठी घ्यावयाची, असा हा आपला न्याय.

दुसऱ्या प्रकारचा खड्डा एकाच ठिकाणीं होता : धान्याच्या खोलीमागें, भिंतीच्या पायाशीं. अरुंद, तिरपा, खोल. वेळ दिवेलागणीची. येथें तो निजत नसे. नाक घालून फुरफुरे आणि कान टवकारून थांबे. आम्ही ती जागा दोनदां दगडांनीं बुजविली होती. तिसऱ्या वेळीं गडी लावून नीट उकरून पाहिलें, तों आंत घुशीचें बीळ, आणि तें पायाखालून खोलीच्या मध्यापर्यंत गेलेलें. भिंत मातीची, आणखी एक पावसाळा गेला असता तर खचली असती. भुऱ्या दोन महिने जें सांगत होता, तें आम्ही दगडांनीं बुजवीत होतों. घुशीचा बंदोबस्त पिंजऱ्यानें केला. घरांत कुत्रा असतांना घुशींना विष घालणें म्हणजे दोघांनाही घालणें होय. मेलेली घूस कुत्र्यानें खाल्ली तरी त्याला बाधते.

फाटकाखालच्या खड्ड्याचें कारण सांगावयास नको. गांवांतील कुत्र्यांच्या माजाच्या दिवसांत तो होई, एरवीं नाहीं. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. ती साधी असते आणि आम्ही ती करून घेतली. फाटकाखालीं रुंद फरशाही बसविल्या.

चौथें कारण मोगऱ्याचें. तें आमच्या टिपणांत नव्हतें, कारण ती घटना एकदांच घडलेली. पण टिपणें वाचतां वाचतां पत्नीनें मला विचारलें, “मोगऱ्याला त्या आठवड्यांत तुम्हीं काय घातलें होतें?” मीं हाडांचा चुरा घातला होता. छांटणी करून, आळें करून, चांगला दोन ओंजळी. हाडांचें खत पुरून वर माती सारखी केली आणि मग कुत्र्यानें तेथें कां खणलें, म्हणून काठी उचलली! ज्याच्या नाकाला वीतभर मातीखालचें हाड उघड्यावर ठेवल्यासारखेंच असतें, त्याला मीं आमंत्रणपत्रिका लिहून दिली होती. आणखी भय वाटलें तें पुढें. त्याच दुकानांतून मी एरंडीची ढेपही आणणार होतों. ती खत म्हणून उत्तम, परंतु तिच्यांत एरंडाचें विष राहिलेलें असूं शकतें आणि वासानें कुत्रीं ती आवडीनें खातात. बागेची हौस असलेल्या आणि कुत्रा पाळणाऱ्या घरीं हीं दोन खतें आणूं नयेत. चांगलें कुजलेलें शेणखत व पालापाचोळ्याचें खत बिनधोक.

राहतां राहिला पांचवा प्रकार, आणि तोच सर्वांत मोठा. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, जागा कोणतीही, खड्ड्याचें पुढें कांहींच नाहीं. हा केवळ जोमाचा खड्डा. दीड-दोन वर्षांचा, अंगांत घोड्याची रग असलेला प्राणी, आणि दिवसाकाठीं अर्ध्या तासाची फेरी! उरलेली शक्ति कोठें जावी? मुलगा घरांत असता, तर त्यानें चेंडू खेळून खिडक्या फोडल्या असत्या. भुऱ्यानें माती काढली.

यावर आम्हीं जें केलें तें दोन अंगांनीं. एक, त्याला थकविणें. उन्हाळ्यांत सूर्योदयापूर्वीं तासभर, संध्याकाळीं जमीन निवल्यावर तासभर. हातानें शिवून पाहावें. आपल्या तळहाताला जी जमीन सोसत नाहीं, ती त्याच्या पंजांस सोसत नाहीं. नुसतें चालवून मात्र तो थकत नाहीं, असें दिसून आलें. नाकाला काम द्यावें लागतें. माझी पत्नी त्याच्या वांट्याची भाकर एकदम ताटलींत न घालतां तिचे तुकडे अंगणांत दगडांआड, कुंड्यांमागें, उपड्या टोपलीखालीं लपवूं लागली. तीं हुडकण्यांत त्याचीं वीस मिनिटें जात आणि त्यानंतर तो जसा निजे, तसा दोन कोस चालूनही निजत नसे.

दुसरें अंग म्हणजे त्याला त्याची जागा देणें. आपल्याकडे जुनी वांटणी आहे : पीक घ्यावयाची ती काळी, आणि वस्ती करावयाची ती पांढरी. गांवठाणाच्या या पांढरींतच पूर्वीं धान्याचीं पेवें असत. आमच्या अंगणाच्या मागच्या कोपऱ्यांत आजोबांचें ज्वारीचें पेव होतें. लहानपणीं ऐकलेलें आठवतें कीं पेव उघडलें म्हणजे कांहीं वेळ तसेंच मोकळें ठेवीत आणि दिवा सोडून पाहिल्याखेरीज माणूस आंत उतरवीत नसत. आंतल्या कोंडलेल्या हवेनें माणसें दगावलेलीं होतीं. वडिलांनीं तें पेव माती घालून भरून टाकलें, तरी तेथील जमीन कायमची थोडी दबलेली व भुसभुशीत राहिली. तीच जागा आम्हीं भुऱ्याला दिली. सहा हात लांब, चार हात रुंद; दोन हात माती काढून तींत निम्मी वाळू मिसळली व पुन्हां भरली. नुसती काळी माती या कामास उपयोगाची नाहीं. उन्हाळ्यांत तिला भेगा पडून ती दगड होते, आणि पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत तिचे गोळे बसतात. वर कडुनिंबाच्या फांद्या आणि तट्ट्यांचा मांडव घातला, आणि रोज सकाळीं त्यावर पाण्याची झारी.

जागा दिली म्हणजे ती त्याला कळते असें नाहीं. पहिल्या दिवशीं त्याच्या समक्ष एक चिंधीचा चेंडू आणि भाकरीचा तुकडा तेथें चार बोटें पुरला आणि “खण” म्हटलें. त्यानें माझ्याकडे असें पाहिलें कीं मला मान खालीं घालावी लागली. ज्या माणसानें याच गोष्टीसाठीं काठी उगारली, तोच आतां खण म्हणतो! तो जागचा हलला नाहीं. शेवटीं मी स्वतः मातींत बसलों आणि हातांनीं उकरूं लागलों. बासष्टाव्या वर्षीं हें करतांना भिंतीवरून मावशी पाहत होत्या. पण त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें माझ्या कोपराजवळ एक नाक आलें. मग एक पंजा.

त्यानंतरचें काम चिकाटीचें होतें. रोज कांहीं तरी पुरावयाचें, दिवसेंदिवस थोडें खोल. भलत्या जागीं खणतांना दिसला तर ओरडावयाचें नाहीं. हांक मारून पेवाकडे न्यावयाचें, आणि तेथें पंजा चालविला कीं तोंड भरून शाबासकी. खणून झालेल्या खड्ड्याबद्दल चकार शब्द काढावयाचा नाहीं. तो मुकाट्यानें बुजवावयाचा. फुलांच्या वाफ्यांत मातीखालीं दोन बोटांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी घातली, तिच्या कडा आंत वळवून, म्हणजे पंजाला टोंचणार नाहींत. तुळशीभोंवतीं मोठे गोटे मांडले. तीन आठवड्यांत खड्डे निम्म्यावर आले आणि आषाढापर्यंत पेवाबाहेर खणणें जवळजवळ थांबलें. जवळजवळ म्हणतों, कारण दिवाळीच्या आदल्या दिवशीं पत्नीनें रांगोळीसाठीं सारवून ठेवलेल्या जागेचा मोह त्याला आवरला नाहीं. त्या दिवशीं आम्ही पाहुण्यांच्या गडबडींत त्याला फिरावयास नेलें नव्हतें.

साखळी मीं विकून टाकली. भुऱ्याचें माझ्याविषयींचें मत मात्र इतक्या लवकर सुधारलें नाहीं. पुष्कळ महिने माझ्या हातांत झाडू, छत्री, कांहींही लांबट वस्तु दिसली, कीं तो पडवींत निघून जाई. अलीकडे छत्रीला तो बिचकत नाहीं. काठीला अजून बिचकतो, म्हणून मी फिरावयास जातांना काठी नेत नाहीं.

मोगऱ्याचा बुंधा मीं त्याच दिवशीं पुन्हां लावला होता. तो वैशाखांत वाळला. पण त्याच मोगऱ्याचें कलम आईनें फार पूर्वीं शेजारच्या मावशींना दिलेलें होतें, तें मला ठाऊक नव्हतें. श्रावणांत त्यांनीं त्याची एक फांदी आणून दिली आणि ती आतां स्वयंपाकघराच्या दाराशीं जीव धरून आहे. खालीं जाळी आहे. खत शेणाचें आहे. हाडांच्या चुऱ्याची उरलेली पिशवी मीं ज्यांच्या घरीं कुत्रा नाहीं, अशा एका गृहस्थांस देऊन टाकली.